आवाज काढून टाक, रांग दाखव
पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, नीट बोलता आलं नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये तुम्ही निर्वासितांचा अनुभव उभा केलात. अंधार केला, स्पीकरवर बॉम्ब वाजवले, पोरं रडली. बाहेर आल्यावर त्याच पोरांनी सेल्फी काढले, एकजण तर "भारी होतं" म्हणाला. आपलं चुकलं कुठं, असं विचारलंस. पुढच्या खेपेला धूर सोडावा का, हेही विचारलंस. धुराचं ऐकून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

आवाज काढून टाक. रांग दाखव.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. मी तेव्हा नवा मास्तर. पुढच्या वर्षी वर्गाला भूकंप 'कळावा' म्हणून खिडक्या लावल्या, बाक हलवले, पत्रा बडवला. वर्गात त्या भागातून मामाकडं शिकायला आलेला एक पोरगा होता. मला ते माहीत होतं. तो बाकाखाली शिरला आणि तास संपला तरी बाहेर येईना. माझा हेतू वाईट नव्हता. असं काही करून शिकवणारा शाळेत दुसरा कुणी नव्हता. बाकीच्या पोरांनी नंतर मदतही गोळा केली. हे सगळं मी तीस वर्षं स्वतःलाच सांगत आलोय, तुलाही सांगून घेतलं.

पुढं तो पोरगा भेटला, बाप झालेला. त्या पहाटेबद्दल फार बोलला नाही. बोलला ते पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्याबद्दल, आणि यादीत नाव आलं का ते बघायला वडील किती वेळा तहसीलला गेले, त्याबद्दल.

भूकंपग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हे, हे ठाऊक आहे मला, लगेच खोडू नकोस. छळाच्या भीतीनं देशाची हद्द ओलांडलेला तो निर्वासित, 1951 च्या कराराची व्याख्या साधारण अशीच आहे. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. म्हणजे आपल्याकडं आलेल्याचं निम्मं आयुष्य हातात कुठला कागद आहे यावरच. आमची आजी निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या धास्तीनं निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेली होती. पळण्याचं एका वाक्यात उरकायची, ज्वारी मोजून घ्यायच्या रांगेचं मात्र तासभर चालायचं. (1948 ला भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली, त्या पोलीस ॲक्शननंतर जी मुसलमान घरं पळाली, त्यांच्या आज्यांना आम्ही कधी विचारलंच नाही.)

जाणत्या लोकांनी हे ओळखलंय. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांना यंत्र लावून बघायच्या फिल्ममध्ये, जॉर्डनच्या झातारी छावणीतली बारा वर्षांची सीरियन मुलगी दाखवली. त्यात काय दिसतं, तर वर्ग, रोटीची भट्टी, फुटबॉल खेळणाऱ्या पोरी. ती छावणी उघडली 2012 ला. तिथं जन्मलेली पोरं आज शाळेत जातात. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेनं 2016 ला अमेरिकेत प्रदर्शन फिरवलं, त्यात घरातल्या पाच वस्तू निवडायला लावत आणि वाटेत एकेक काढून घेत. सोबत चालायला असल्या कामावर राबून आलेली माणसं असत.

तू काय कर, हॉलमध्ये एकच खिडकी ठेव. वाचता न येणाऱ्या लिपीतला फॉर्म दे. तासाभरानं खिडकी लाव, 'उद्या या' म्हण. पोरं कंटाळतील म्हणतेस? कंटाळू दे की! कंटाळून चिडलेलं पोरगं सेल्फी काढत नाही. आणि ज्याला निघून जायचंय त्याला निघता आलं पाहिजे, हे आधीच सांग. मी सांगितलं नव्हतं.

अजून एक. तुमच्या कॉलेजात ऊसतोडीच्या घरची पोरं असतील, दसरा झाला की आईबापाबरोबर उसाच्या फडावर कोपीत राहायला गेलेली. 'घर सोडून बघ' हा खेळ त्यांच्यापुढं मांडण्याआधी त्यांना विचार. नको म्हणाली तर नको. 'फक्त खिडकीत बसायला येतो' म्हणाली तर आधी त्यांनाच बसव.

रविवारी ये. पणजोबांच्या जमिनीचा निजामाच्या वेळचा उर्दू कागद पेटीत आहे, झेरॉक्स काढून फॉर्म म्हणून वाट. त्यात काय लिहिलंय ते आमच्या घरात कुणालाच वाचता येत नाही.

तुझा,
सर