'परशुराम' म्हणजे तेच श्रीनगरवालं डकोटा का?

प्रश्न: एअरफोर्सकडे 'परशुराम' नावाचं डकोटा जातीचं जुनं विमान आहे, त्यावर व्हीपी ९०५ नंबर आहे. आमचे चिरंजीव म्हणतात १९४७ ला श्रीनगरला जवान उतरवले ते हेच विमान. खरं का? आणि एवढं म्हातारं विमान इंग्लंडहून उडत आलं म्हणतात, ही थाप तर नाही ना? – एक वाचक, कराड

उत्तर: उडत आलं हे शंभर टक्के खरं, पण 'तेच विमान' हे नाही. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन डकोटा विमानं श्रीनगरला उतरली, त्यातल्या व्हीपी ९०५ चा नंबर मान म्हणून ह्याच्यावर रंगवलाय. हे विमान १९४४ च्या काळातलं, आधी ब्रिटिश रॉयल एअरफोर्समध्ये होतं, युद्धानंतर तिकडेच जी-एएमएसव्ही नंबरावर नागरी कामाला जुंपलं आणि शेवटी भंगारात निघायची वेळ आली. तिथून ते घेतलं तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी, त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डकोटाचे पायलट. गंमत म्हणजे एअरफोर्सला फुकट द्यायला निघाले तरी आधी सरकारकडून नकार मिळाला, मग आपले गोव्याचे पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर होकार आला. नंबर रंगवण्यात मला काही गैर वाटत नाही, पण ह्या विमानाची स्वतःची गोष्टही सांगायला हवी ना, ती काय कमी आहे का!

१७ एप्रिल २०१८ ला इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीहून निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी, बहारीन, ओमान असं थांबत थांबत २५ तारखेला जामनगरला उतरलं, मे महिन्यात दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर एअरफोर्समध्ये रीतसर दाखल झालं.

आता म्हातारं असून उडतं कसं? एकतर केबिनमध्ये हवेचा दाब भरलेला नसतो, त्यामुळे आजच्या जेटसारखी दर फेरीला बॉडी फुगत-आकसत नाही, पत्रा तितका थकत नाही. दुसरं म्हणजे डकोटा बनली दहा हजारांच्या वर, त्यामुळे पार्ट कुठे ना कुठे मिळतो. लाड मात्र करावे लागतात, इंजिनाचे १४ सिलिंडर गोलात बसवलेले असल्यामुळे उभ्या विमानात ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं, म्हणून स्टार्ट करायच्या आधी पंखा हाताने फिरवून बघायचा, अडला तर तसंच स्टार्टर मारायचं नाही, नाहीतर आतला रॉड वाकलाच समजा.