कोकणातून स्पितीत: गाडीत हिवाळा काढण्यापूर्वी

आपण देवगडहून कॅम्पर गाडी (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत हिवाळा काढणार असाल, तर थंडीइतकीच काळजी ओलीची करा. कोकणात दमट हवा बाहेरून घरात शिरते. स्पितीत बाहेरची हवा कोरडी असली तरी आपला श्वास, पेजेची वाफ आणि जळणारा गॅस यांतून निघालेले बाष्प थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि आतले लाकूड व गाद्या कुजवते. म्हणून पत्र्याला आतून उष्णतारोधक थर कुठेही फट न ठेवता लावा आणि कितीही गारठा असला तरी छताची झडप थोडी उघडी ठेवा. कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा इशारा देणारे यंत्र मी अत्यावश्यक मानतो. सिलिंडरमधील ब्युटेन शून्य अंशाखाली वायुरूप होत नाही, त्यामुळे सिलिंडर भरलेला असूनही आच मंदावते. किनाऱ्यावर भरलेल्या डिझेलमधील मेण तिथे गोठून फिल्टर तुंबू शकतो. लडाखसाठी २०१९ मध्ये आलेले हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते, मात्र ते कुठे मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वीच करा. पाणी गोठू नये म्हणून टाकी गाडीच्या आतच बसवून घ्या.