किंमत ठरवण्यापूर्वी
प्रशिक्षण पूर्ण करून तुम्ही मैत्रिणी एकत्र व्यवसाय सुरू करत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र यंत्र विकत घेण्यापूर्वी कोण किती भांडवल घालणार, कोण किती तास काम करणार आणि एखादीला मधेच बाहेर पडायचे असल्यास तिचा वाटा कसा परत करायचा, हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. आपसांत कागद कशाला, असे आम्हालाही वाटले होते, आणि त्या संकोचापायी आमची एक चांगली सहकारी कायमची दुरावली.

सर्वांत मोठी चूक किंमत ठरवताना होते. कच्चा माल, वेष्टन, वीज आणि वाहतूक आपण मोजतो. पण स्वतःच्या श्रमाची मजुरी धरत नाही, कारण घरातले काम विनामोबदला करण्याची आपल्याला सवय झालेली असते. मजुरी खर्चातच धरा, यंत्राची झीज आणि खराब होणारा मालही धरा, आणि त्यानंतरच नफा चढवा. येथे एक बारकावा आहे: खर्चावर 25 टक्के चढवले, तर विक्रीच्या किमतीत नफा 20 टक्केच असतो, त्यामुळे दुकानदाराने विक्रीकिमतीवर 20 टक्के कमिशन घेतले, की तुमच्या हाती नफा म्हणून काहीही उरत नाही.

गटाचे बँक खाते वेगळे ठेवा आणि उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा. हिशेबाची वही दर आठवड्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचा, आणि जिला वाचता येत नाही तिला काही विचारायचे आहे का, हे थांबून आवर्जून विचारा.