'यलो जॅक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या, १८७८ सालच्या घरगुती पत्रांचा अनुवाद चालू आहे. त्यात 'यलो जॅक घरात शिरला' अशा अर्थाचं वाक्य आहे. हा जॅक कोण, आणि 'पिवळा जॅक' चालेल का?

जॅक हा माणूस नव्हे. जहाजावरच्या लहान निशाणाला इंग्रजीत जॅक म्हणतात. 'युनियन जॅक'मधला तोच. क्वारंटीनमध्ये अडकवलेल्या जहाजावर पिवळं निशाण लावत, त्यावरून पीतज्वरालाच (यलो फीवर या तापाला) हे नाव पडलं. 'पिवळा जॅक' लिहिलंत तर वाचक माणूसच शोधत बसेल.

मी 'पिवळा बावटा' लिहीन. आपल्याकडे हा शब्द चांगला जिवंत आहे. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होड्या समुद्रात जात नाहीत, लिलाव होत नाही, घरात पैसा येत नाही. बावटा म्हणजे धंदा बंद, हे कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मेम्फिसचं तेच झालं. मिसिसिपीवरच्या आगबोटी आणि कापूस यांवर जगणारं ते शहर. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीतला तिथला पहिला बळी म्हणून नोंद आहे ती केट बिओंडाची. नदीकाठी तिचं खाण्याचं लहानसं दुकान होतं, बोटीवरची माणसं तिथे येत. ज्या दारातून गिऱ्हाईक आलं, त्याच दारातून दुखणं आलं. सुमारे ४७,००० वस्तीपैकी निम्म्याहून जास्त लोक काही दिवसांत पळाले; मागे राहिलेल्यांतले ५,००० हून अधिक दगावले. पळालेल्यांना आसपासच्या गावांनी बंदुका रोखून वेशीवरच अडवलं. पत्रांत 'शॉटगन क्वारंटीन' आलं तर ते हेच. त्याला सरळ 'बंदुकीची नाकाबंदी' म्हणा.

'कावीळ' मात्र लिहू नका. डोळे पिवळे होणं हे या तापाचं एक लक्षण, रोग वेगळा. हा डासांमुळे पसरतो हे त्या घरांना ठाऊक नव्हतं. क्युबातल्या हवानात डॉक्टर कार्लोस फिनले यांनी ते १८८१ साली मांडलं आणि सिद्ध व्हायला १९०० उजाडलं. म्हणून पत्रांत डास शोधू नका. थंडीची, पहिल्या हिमाची वाट पाहणं सापडेल, कारण हिम पडलं की साथ ओसरते एवढं त्यांना अनुभवानं कळलं होतं.

आता तुमचं वाक्य. बावटा 'शिरत' नाही, 'लागतो'. तेव्हा क्रियापदही बदला: 'आमच्या घरावर पिवळा बावटा लागला.'