कुसळ आणि कॅल्शियम

अंबाजोगाई

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. साखरेची नक्कल करणारे रेणू पांढऱ्या पेशींना पकडणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांशी कसे भिडतात, यावर पीएचडी करायची म्हणतेस. खुशाल कर. फक्त साखर म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना कारखानाच दिसतो, तेव्हा घरी समजावून सांगायची तयारी ठेव.

आधी सियालिल लुईस एक्स पेन्सिलीनं कागदावर काढ. पांढऱ्या पेशींच्या अंगावरची चार साखरांची साखळी ती. सूज आली की रक्तवाहिनीच्या अस्तरावर ई-सिलेक्टिन हे पकडणारं प्रथिन येतं आणि पांढऱ्या पेशी याच चौकडीच्या आधारानं तिथं अडखळत, घरंगळत मंदावतात. यात राबतं कोण? फ्युकोजचे दोन हायड्रॉक्सिल सिलेक्टिनमधल्या कॅल्शियमला धरतात, गॅलॅक्टोज थोडा हात लावतं, सियालिक आम्लाचा कार्बोक्झिलेट प्रथिनाच्या आर्जिनिनला बिलगतो. चौथी साखर, एन-ॲसिटिलग्लुकोसामिन, म्हणजे मांडवाची मेढ, बाकीच्यांना जागेवर ठेवते एवढंच. म्हणून तर लोकांनी ती काढून साधं सायक्लोहेक्झेनचं कडं बसवलं आणि पकड उलट सुधारली. तुझ्या रेणूतली मेढ कोणती, हे सांगता येईपर्यंत फ्लास्कला हात लावू नकोस.

मूळ पकड मात्र फार ढिली, मिलिमोलरच्या घरातली, म्हणजे पुष्कळ रेणू ओतले तरच लागणारी. एक कुसळ झटकलं की पडतं, पण पायजम्याच्या काठाला शंभर लागली तर बसून वेचावी लागतात. पेशी तेच करते. तूही एका पॉलिमरच्या लांब साखळीवर रेणूच्या पुष्कळ प्रती लटकवशील आणि आकडे झकास येतील. मला त्या आकड्यांचा भरवसा नाही. गुण रेणूचा की गर्दीचा, ते कळत नाही. आधी एकटा मोज.

माझी फजिती सांगतो. पेशींचे गोळे होऊ नयेत म्हणून मी बफरमध्ये ईडीटीए हे रसायन घालत होतो. पकड शून्य! तीन आठवडे रेणूलाच दोष देत बसलो, नवी बॅचही बनवली. ईडीटीएनं कॅल्शियमच उचलून नेलं होतं, हे डबा धुताना लक्षात आलं. आता तीच चूक मी कंट्रोल म्हणून वापरायला शिकवतो. ईडीटीए घातल्यावरही रेणू चिकटून राहिला, तर तो भलतीकडेच चिकटलाय.

रिव्हिपॅन्सेलचं वाचलंस का? सिलेक्टिन अडवणारा असाच एक नकली रेणू, सिकलसेल या रक्ताच्या आजारातल्या वेदनांसाठी. आपल्या किनवटकडचे रुग्ण आठवून वाच. 2019 मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट हुकलं. नंतरच्या विश्लेषणात, दुखणं सुरू झाल्यावर लवकर औषध मिळालेल्यांना फायदा झाल्याचं दिसलं. मागाहून केलेलं विश्लेषण आहे, त्यावर इमले बांधू नकोस. पण पेशी एकदा चिकटून बसल्यावर दार अडवून काय होणार, हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये घाल.

गुऱ्हाळ सुरू झालंय. येशील तेव्हा काकवीसाठी बरणी आण, आणि तो पेन्सिलीचा कागदही.

तुझे सर