डॉक्टर, आईसाठी हेडसेट घेऊ का?

पुण्या-हैदराबादची मुलं सुटीला सोलापुरात येतात, आई-वडिलांना व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा हेडसेट देऊन जातात आणि मागाहून प्रश्न माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतो.

वडील ७४ वर्षांचे आहेत. व्हीआर गेम खेळून पडणं कमी होतं, हे खरं का? (जुळे सोलापूर)

काही जणांचं होतं, शेजारी शिकवणारा असेल तर. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ६० ते ९० वयाचे ३०२ जण होते, सगळे आधीच्या सहा महिन्यांत दोनदा तरी पडलेले. एका गटाने ट्रेडमिलवर चालता चालता समोरच्या पडद्यावरचे अडथळे ओलांडायचे, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं पडणं जवळपास निम्म्यावर आलं. नुसतं ट्रेडमिलवर चालणाऱ्यांत एवढा फरक पडला नाही. पाय आणि लक्ष दोन्हींना एकदम काम मिळालं, त्याचा हा गुण.

पण तिथे समोर पडदा होता, डोळे झाकलेले नव्हते. तुमच्याकडचा हेडसेट लावला की पायाखालची फरशीच दिसत नाही. त्यामुळे तो अभ्यास या हेडसेटला लागू करू नका. आधी वडिलांना तपासून घ्या.

घरी एकटीने खेळले तर? (विजापूर रोड)

नको.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हेडसेट कधी लावू? (सात रस्ता)

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

सासूबाईंना वर्षभर चक्कर येते. मेडिकलमधून गोळी आणतो. हल्ली चालही मंदावलीय. मानेचा मणका झिजलाय म्हणतात. व्हीआरने फरक पडेल? (पूर्व भाग)

हेडसेट बाजूला ठेवा, आधी गोळीचं पाकीट घेऊन फिजिशियनकडे जा. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही नावं त्यावर आहेत का बघा. चार दिवसांसाठी दिलेली ही औषधं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात. 'परवाचीच पट्टी द्या' म्हटलं की काउंटरवरून मिळते, कोणी विचारत नाही. म्हाताऱ्या माणसांत ती कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात: हात थरथरणं, अंग ताठरणं, पावलं आखूड पडणं. म्हणजे तोल जाऊ नये म्हणून घेतलेली गोळीच तोल घालवते. मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

आणि त्या मणक्याचं म्हणाल तर साठीनंतर मानेचा एक्स-रे काढा, बहुतेकांत झीज दिसतेच. तेवढ्यावरून चक्करचं कारण ठरत नाही. कुशीवर वळताना काही सेकंद घर गरगरतं का? मग कानातले बारीक कण जागचे हललेले असू शकतात. त्यावर डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याचा उपचार आहे, जाणकाराच्या हातून काही मिनिटांचा. उठून उभं राहताना अंधारी येते का? मग आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागेल. शुगर आणि बी-१२ ही बघून घ्या. यातलं काहीच न करता हेडसेट चढवलात तर मळमळ आणि गरगर वाढेल, तीही उभ्या माणसाला.

एका सेंटरवाल्याने व्हीआरचं पॅकेज दिलंय, 'पडणार नाही' अशी हमी आहे. घेऊ का? (होटगी रोड)

अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पहिल्या दिवशी काय मोजलं ते विचारा. त्याची साधी चाचणी अशी: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. हे न मोजता पैसे मागत असतील तर उठून या. गेममधला स्कोअर वाढणं म्हणजे तोल सुधारणं नव्हे, सरावाने तो कोणाचाही वाढतो.

हेडसेट परवडत नाही. घरी काय करता येईल? (बाळे)

बरंच. ओट्याला धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहणं. तोलाच्या अशा व्यायामांनी पडणं साधारण पाव हिश्शाने कमी होतं, याला व्हीआरपेक्षा कितीतरी जास्त पुरावा आहे. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करा. न्हाणीघरातल्या ओल्या शहाबादीवर रबरी मॅट टाका.

वडील महिन्यात दोनदा पडले, पण लागलं नाही. गड्ड्याची जत्रा झाल्यावर दाखवलं तर चालेल? (बाळीवेस)

नाही, याच आठवड्यात दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार बसला असेल, तर आजच, थेट रुग्णालयात.