रनिंग बॅक घेताय? यार्ड नंतर बघ

अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्याला पॉइंट मिळतात) रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा गडी निवडताना, यार्डांच्या यादीत सगळ्यात वर दिसणारं नाव डोळे झाकून उचलू नकोस. आधी बघ, बॉल हातात येतो किती वेळा: कॅरी (बॉल घेऊन धावणं) किती, पास झेलतो किती. तुमच्या लीगमध्ये दर कॅचला एक पॉइंट असेल (नियम वाच आधी, निम्मे लोक वाचतच नाहीत), तर सगळं गणितच फिरतं. 2019 मध्ये रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्रीने 116 कॅच घेतले. नुसत्या झेलांचेच 116 पॉइंट झाले, यार्ड आणि टचडाउन (बॉल गोललाइनपार नेणं) वेगळेच. दहा यार्डांना एक पॉइंट धरला, तर तेवढ्यासाठी 1,160 यार्ड पळावं लागतं!

मग गोललाइनजवळ बॉल कोणाला मिळतो ते बघ. 2024 मध्ये रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीने ईगल्स संघाकडून 2,005 यार्ड काढले, पण धावून टचडाउन 13. त्याच संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा गडी) जेलन हर्ट्सचे 14! एक यार्ड उरला की मागून ढकलून घेत हर्ट्सच आत घुसायचा. त्याच वर्षी दुसरा रनिंग बॅक डेरिक हेन्रीचे यार्ड बार्कलीपेक्षा कमी, 1,921, तरी धावून टचडाउन 16.

आणि एका रविवारच्या एका लांब धावेवर भाळून ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करू नकोस. ती धाव वजा करून बाकीच्या कॅरी मोज. त्याच्या जागी येणारा राखीव गडी किती स्नॅप (एकेक चाल) खेळला, तेही बघ.